काळ्या पडद्याची उलटतपासणी

गाडी रिव्हर्समध्ये टाकली की २ सेकंदांच्या आत मागचं दृश्य चालकासमोर यायला हवं, असा अमेरिकेत नियम आहे. १ मे २०१८ पासून तिथल्या बाजारासाठी बनणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना तो लागू झाला. कागदावर हा नियम एका ओळीत मावतो. डॅशबोर्डामागच्या छोट्या संगणकावर काम करणाऱ्या अभियंत्यांना मात्र त्याने घाम फोडला. लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम पूर्ण उभी राहायला याहून बराच जास्त वेळ लागू शकतो. म्हणून पडदा उजळवण्याचं काम पुष्कळदा तिच्याआधी धावणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामवर येतं. त्याचं नाव बूटलोडर.

तिकिटाचं यंत्र असो, दवाखान्यातला मॉनिटर असो की कारखान्यातलं नियंत्रणाचं पॅनेल, वीज सुरू होताच दिसणारं कंपनीचं बोधचिन्ह अनेकदा बूटलोडरनेच काढलेलं असतं. नवा बोर्ड आणला, बूटलोडर चढवला, वीज दिली आणि पडदा काळाच राहिला, हा प्रसंग या धंद्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. विजेपासून चित्रापर्यंत आठ-दहा टप्पे आहेत. त्यातला कुठलाही चुकला तरी समोर दिसतं ते एकच, काळेपण. त्यामुळे पडद्याकडे टक लावून काही हाती लागत नाही. साक्ष दुसरीकडून काढावी लागते, आणि टप्प्यांचा क्रम न मोडता काढावी लागते. हे प्रकरण त्या क्रमाविषयी आहे.

पडद्याआधीचे क्षण

घरच्या पीसीवर पहिलं चित्र बिनबोभाट येतं, कारण ग्राफिक्स कार्ड स्वतःला चालवण्यापुरता प्रोग्राम आपल्याबरोबर घेऊनच येतं. एम्बेडेड बोर्डावर अशी सोय नसते. तिथे डिस्प्ले कंट्रोलर मुख्य चिपच्या पोटातच असतो. पॅनेल किती रुंद, किती उंच, त्याला किती वेगाने ठिपके पाठवायचे, दिवा कोणत्या पिनेवर आहे, यातलं काहीही त्याला उपजत ठाऊक नसतं. हे सगळं बूटलोडरने सांगायचं.

या जगातला सर्वांत परिचित बूटलोडर म्हणजे यू-बूट. जर्मन अभियंता वोल्फगांग डेंक यांनी वाढवलेला, पॉवरपीसी चिपसाठीचा पीपीसीबूट आणि आर्म चिपसाठीचा आर्मबूट २००२ मध्ये एकत्र आले आणि यू-बूट आकाराला आला. आज तो शेकडो प्रकारच्या बोर्डांवर चालतो, म्हणून इथली उदाहरणं त्याचीच आहेत.

वीज आल्यावर सर्वांत आधी चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्राम धावतो. तो एसडी कार्डावरून किंवा फ्लॅश मेमरीतून यू-बूटचा पहिला तुकडा उचलतो. या तुकड्याला चिपच्या आतल्या मेमरीत मावावं लागतं, आणि ती मेमरी किलोबाइटांत मोजावी इतकी लहान असते. बाहेरची मोठी रॅम सुरू करणं हे या तुकड्याचं मुख्य काम. रॅम लागली की पूर्ण यू-बूट तिथे येऊन बसतो.

आता चित्राचा हिशेब पाहा. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एका चित्राला ८२,९४,४०० बाइट लागतात. ज्या जागेत हे चित्र ठेवतात तिला फ्रेमबफर म्हणतात. डिस्प्ले कंट्रोलर ही जागा सेकंदाला ६० वेळा वाचतो आणि वाचलेलं पडद्याकडे पाठवतो. एवढा मोठा फ्रेमबफर चिपच्या आत मावणं शक्य नाही. म्हणजे रॅम सुरू होण्याआधी जे काही बिघडेल, ते हा पडदा कधीच दाखवू शकणार नाही.

आधी तीन तारा

घरातला दिवा गेला की आपण बल्ब काढायच्या आधी खिडकीतून शेजारी उजेड आहे का ते बघतो. बोर्डाच्या बाबतीत ही खिडकी म्हणजे सिरियल पोर्ट. बीगलबोन ब्लॅक या २०१३ मध्ये आलेल्या बोर्डावर त्यासाठी सहा पिनांची एक ओळ आहे. तिथल्या पहिल्या पिनेवर ग्राउंड, चौथीवर बोर्डाचं ऐकणं आणि पाचवीवर बोर्डाचं बोलणं. या तीन तारा यूएसबी अडॅप्टरला जोडायच्या. बोर्डाची बोलण्याची तार अडॅप्टरच्या ऐकण्याच्या पिनेला जाते आणि ऐकण्याची तार बोलण्याच्या पिनेला. अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच हवा. जुन्या संगणकांच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टवरचा व्होल्टेज याहून कितीतरी जास्त असतो, तो थेट लावला तर चिप जळू शकते.

वेगही जुळावा लागतो. बहुतेक बोर्ड सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने बोलतात, पण रॉकचिपच्या आरके३३९९ चिपवरचे बरेच बोर्ड १५,००,००० ने बोलतात. वेग चुकला की टर्मिनलवर अगम्य चिन्हांचा कचरा येतो. कचरा येणं ही तशी चांगलीच खूण आहे, कारण त्यातून बोर्ड जिवंत असल्याचं कळतं.

सिरियलवर एकही अक्षर नसेल तर पडद्याचा विचार तिथेच थांबवावा. बिघाड वीज, कार्ड किंवा रॅम यांत आहे. यू-बूटचा मजकूर नीट येत असेल, तर बोर्ड ठीक आहे आणि शोध खरोखरच डिस्प्लेपुरता उरतो.

इथे एक फसवी जागा आहे. यू-बूट सुरुवातीच्या मजकुरात इन, आउट आणि एरर अशा तीन ओळी छापतो. इनपुट कुठून घ्यायचं आणि मजकूर कुठे लिहायचा, ते त्यात दिसतं. आउटसमोर फक्त व्हिडिओ कन्सोल असेल, तर त्या क्षणापासून सगळा मजकूर पडद्याकडे वळतो आणि सिरियल गप्प होतं. पडदा आधीच काळा. बघणाऱ्याला वाटतं, बोर्ड अडकला. खरं तर तो नीट चालू असतो, टंकलेल्या आज्ञाही पाळत असतो, फक्त उत्तरं काळोखात लिहीत असतो. चौकशी चालू असेपर्यंत मजकूर सिरियल आणि व्हिडिओ अशा दोन्हीकडे जाईल असं लावून ठेवणं शहाणपणाचं.

उलटही घडतं. नव्या यू-बूटमध्ये व्हिडिओ चालू केलेला असतो, पण फ्लॅशमध्ये जुन्या यू-बूटने जपून ठेवलेल्या सेटिंग्ज तशाच राहतात, आणि त्यांत मजकूर फक्त सिरियलवर पाठवायचं लिहिलेलं असतं. प्रोग्राम बदलला तरी या सेटिंग्ज आपोआप बदलत नाहीत. त्या मूळपदावर आणून बोर्ड पुन्हा सुरू केला की कित्येकदा पडदा तिथेच उजळतो.

ड्रायव्हर जागा झाला का?

आजच्या यू-बूटमध्ये प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर दोन पायऱ्यांनी कामाला लागतो. आधी त्याची नोंद होते, आणि कुणीतरी त्याचा वापर मागितल्यावर तो प्रत्यक्ष सुरू होतो. डीएम ट्री ही आज्ञा दिली की सगळ्या उपकरणांची उतरंड दिसते. सुरू झालेल्या उपकरणापुढे अधिकचं चिन्ह असतं, नुसती नोंद झालेल्यापुढे नसतं. व्हिडिओची ओळच नसेल तर डिव्हाइस ट्री तपासावी, म्हणजे बोर्डावर काय काय आहे याचं वर्णन करणारी फाइल. तिथे डिस्प्लेचा उल्लेख नाही, किंवा तो बंद म्हणून नोंदलेला आहे, किंवा तो ड्रायव्हर यू-बूटमध्ये घेतलाच गेलेला नाही. ओळ आहे पण अधिकचं चिन्ह नाही, तर ड्रायव्हरला कुणी हाक मारलेली नाही किंवा तो सुरू होताना पडला आहे.

फ्रेमबफरच्या जागेचाही एक पेच आहे. यू-बूट रॅमच्या वरच्या टोकाला जाऊन बसण्याआधीच ही जागा राखून ठेवतो. तोपर्यंत व्हिडिओ ड्रायव्हरची नोंदच झाली नसेल तर जागा राखली जात नाही, आणि पुढे फ्रेमबफरसाठी मेमरी देता येत नाही असा संदेश सिरियलवर येतो. उपाय डिव्हाइस ट्रीत आहे. त्या उपकरणावर तो लवकर हवा असल्याची खूण करावी लागते. रॅम भरपूर असूनही मेमरी नाही म्हणणारा हा संदेश नवख्याला चक्रावून टाकतो.

उजेड आहे का?

सुटं एलसीडी पॅनेल असेल तर पुढचा प्रश्न साधा आहे. पडदा काळा आहे की अंधारात आहे? एलसीडी स्वतः प्रकाश देत नाही, उजेड मागच्या बॅकलाइटचा असतो. खोलीत अंधार करून टॉर्चचा झोत तिरपा टाकावा. पुसटसं चित्र दिसलं तर डिस्प्लेची सगळी साखळी ठीक आहे, फक्त दिवा लागलेला नाही.

दिवा न लागण्याची कारणं मोजकीच. त्याला वीज पोचत नसेल, चालू करण्याची पिन खाली राहिली असेल, किंवा उजेड कमी-जास्त करणारा पीडब्ल्यूएम सिग्नल उलटा असेल. काही सर्किटांत हा सिग्नल जितका जास्त वेळ वर तितका उजेड जास्त, तर काहींत नेमकं याच्या उलट. ध्रुवता चुकीची लिहिली की पूर्ण उजेडाच्या आज्ञेने पूर्ण अंधार होतो. यू-बूटच्या जीपीआयओ आज्ञेने ती पिन हाताने वर करून पाहता येते आणि मल्टीमीटरने व्होल्टेज मोजता येतो. यात कोडची एकही ओळ बदलावी लागत नाही.

उजेड आहे पण चित्र नाही, पडदा नुसता करडा किंवा पांढरा आहे, असं असेल तर पॅनेलकडे ठिपके पोचत नाहीत. मोबाइलसारख्या उपकरणांतली एमआयपीआय डीएसआय पॅनेलं इथे विशेष हट्टी. त्यांना आधी झोपेतून उठण्याची आज्ञा द्यावी लागते, मग साधारण १२० मिलिसेकंद थांबावं लागतं आणि मग डिस्प्ले चालू करण्याची आज्ञा. पुष्कळ पॅनेलांना याशिवाय कारखान्याने ठरवलेली आज्ञांची लांबलचक यादी लागते. मधलं थांबणं घाईत कापलं तर पॅनेल कधी उठतं, कधी नाही.

एचडीएमआयची बोलणी

एचडीएमआय मॉनिटर सुट्या पॅनेलपेक्षा सभ्य असतो, तो स्वतःची माहिती देतो. पण त्यासाठी आधी बोलणी व्हावी लागतात. केबलच्या १८ क्रमांकाच्या पिनेवरून बोर्डाने ५ व्होल्ट द्यायचे. मॉनिटर १९ क्रमांकाची पिन वर उचलून आपण हजर असल्याचं कळवतो, याला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. मग बोर्ड १५ आणि १६ क्रमांकाच्या पिनांवरून मॉनिटरचं माहितीपत्रक वाचतो. त्याचं नाव एडिड. त्याचा मूळ भाग १२८ बाइटांचा असतो. सुरुवातीला शून्य, मग सहा वेळा २५५ आणि पुन्हा शून्य. सगळ्या बाइटांच्या बेरजेला २५६ ने भागलं तर बाकी शून्य यायला हवी. यू-बूटच्या आयटूसी आज्ञेने हे बाइट आपल्यालाही वाचता येतात. मॉनिटरचा पत्ता षोडशमान पद्धतीत ५०. त्या पत्त्यावर कुणीच उत्तर देत नसेल तर केबल, ५ व्होल्टची वीज किंवा त्या पिनांची जुळणी तपासावी.

ऑलविनरच्या चिपवरचे बोर्ड या बोलण्यांचं चांगलं उदाहरण आहेत. त्यांच्यासाठी यू-बूटमध्ये व्हिडिओ मोड नावाची सेटिंग आहे. ठरलेल्या वेळात हॉट प्लगची खूण मिळाली नाही तर हा ड्रायव्हर केबल नाही असं धरतो आणि एचडीएमआय चालूच करत नाही. मुळात ही वाट पाहण्याची मुदत अर्ध्या सेकंदाची आहे. झोपेतून सावकाश उठणारा मॉनिटर, किंवा मधे लावलेला स्विच, ही मुदत सहज चुकवतो. मग लक्षण असं दिसतं की यू-बूटमध्ये पडदा काळा आणि लिनक्स आल्यावर चित्र झकास. इथे मुदत वाढवावी, किंवा खुणेची वाट न पाहता सिग्नल पाठवायला सांगावं. रास्पबेरी पायवर यासारखाच पर्याय कॉन्फिग फाइलमध्ये मिळतो.

रास्पबेरी पायची रचना जरा वेगळी. तिथे आधी ग्राफिक्सचा भाग जागा होतो आणि तोच पुढे मुख्य प्रोसेसरला उठवतो. यू-बूट त्याच्याकडून तयार फ्रेमबफर मागून घेतो. सुरुवातीचा इंद्रधनुषी चौकोन दिसला तर केबल, मॉनिटर आणि एचडीएमआय तिन्ही निर्दोष ठरतात. दोष त्यानंतरचा.

बोलणी झाली तरी वेळेचा हिशेब उरतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी काही रिकामा काळ ठेवावा लागतो. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत परत फिरायला जो वेळ लागे, त्याचा हा वारसा. त्यामुळे १९२० बाय १०८० चं चित्र हिशेबात २२०० बाय ११२५ होतं. त्याला ६० ने गुणलं की पिक्सेल क्लॉक येतो १४.८५ कोटी हर्ट्झ. ८०० बाय ४८० च्या एका सर्वसाधारण ७ इंची पॅनेलसाठी हेच गणित १०५६ गुणिले ५२५ गुणिले ६०, म्हणजे सुमारे ३.३३ कोटी. चिपला दर वेळी नेमका आकडा साधत नाही, जवळचा कुठलातरी मिळतो. सुटं पॅनेल थोडा फरक पोटात घालतं. मॉनिटर मात्र सिग्नल मर्यादेबाहेर आहे असं सांगून मोकळा होतो.

चित्र चुकतं तेव्हा

चुकीचं चित्र काळ्या पडद्यापेक्षा कितीतरी बोलकं असतं. पण बोधचिन्ह दाखवून तपासणी करू नये, कारण त्यात फाइल वाचणं, उलगडणं आणि रंगवणं अशी आणखी तीन कामं मिसळतात. बीडीइन्फो या आज्ञेने फ्रेमबफरचा पत्ता मिळतो. तिथे मेमरी लिहिण्याच्या आज्ञेने एकच रंग भरावा. १६ बिटांच्या पद्धतीत लाल म्हणजे एफ८००, हिरवा ०७ई०, निळा ००१एफ. मेमरी परत वाचली तर रंग तिथे आहे, पण पडद्यावर काही नाही, तर दोष कंट्रोलरपासून पुढे. पडद्यावर रंग उमटला, तर कंट्रोलर, केबल आणि पॅनेल सुटले आणि दोष चित्र काढणाऱ्या कोडकडे. एका आज्ञेत शोधाची निम्मी जागा वगळली जाते.

लालाच्या जागी निळा दिसला तर रंगांचा क्रम चुकला. बीगलबोन ब्लॅकवरच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५एक्स चिपमध्ये १६ आणि २४ बिटांच्या पद्धतींत लाल आणि निळ्याच्या तारा आपसांत बदलतात. हा चिपचाच नोंदवलेला दोष आहे, त्यामुळे एका पद्धतीत बरोबर असलेला रंग दुसरीत उलटतो. आकार ओळखू येतात पण रंगांच्या छटा विचित्र फुटतात, असं एलव्हीडीएस पॅनेलवर दिसलं तर बिट मांडण्याच्या दोन प्रचलित पद्धतींपैकी चुकीची निवडली गेली आहे. चित्र तिरपं घसरत जात असेल तर एका ओळीला मेमरीत किती बाइट लागतात याबाबत लिहिणारा आणि वाचणारा यांचं एकमत नाही. चित्र सबंधच बाजूला सरकलं असेल तर रिकाम्या काळाचे आकडे चुकले. ठिपके थरथरत असतील तर क्लॉकच्या चुकीच्या कडेवर माहिती उचलली जात असावी.

चित्रात आडवे तुटक पट्टे राहिले तर संशय कॅशवर घ्यावा. प्रोसेसरने लिहिलेला मजकूर वेगासाठी आधी कॅशमध्ये थांबतो. डिस्प्ले कंट्रोलर मात्र थेट रॅम वाचतो, म्हणून कॅशमध्ये अडकलेले ठिपके त्याला दिसत नाहीत. डेटा कॅश बंद करून तोच रंग पुन्हा भरावा. पट्टे गेले तर ड्रायव्हर कॅश रिकामी करायला विसरतो आहे.

बोधचिन्हाची बीएमपी फाइल उघडताच बोर्ड कोसळत असेल, तर त्याचंही ठरलेलं कारण आहे. या फाइलच्या आरंभी दोन बाइटांची खूण असते आणि तिच्यामागे बहुतेक चार-चार बाइटांचे आकडे. फाइल चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर चढवली की हे आकडे दोन बाइटांनी घसरतात, आणि काही आर्म चिपना असं वाचन चालत नाही. म्हणून यू-बूटचं माहितीपत्रकच सांगतं, चारने भाग जाणारा पत्ता घ्या आणि त्यात २ मिळवा.

लिनक्सच्या हाती देताना

यू-बूटचं चित्र सुरेख येतं आणि लिनक्स सुरू होताच विझतं, अशीही तक्रार असते. लिनक्स उठताना कुणीच हक्क न सांगितलेले क्लॉक वीज वाचवायला बंद करतो. डिस्प्लेचा क्लॉक यू-बूटने चालू केलेला असतो, पण लिनक्समध्ये त्याचा वाली अजून उठलेला नसतो. चौकशीपुरतं कर्नलला वापरात नसलेल्या क्लॉकना हात लावू नको असं सांगता येतं. त्याने पडदा टिकला तर निदान पक्कं. कायमचा उपाय म्हणजे फ्रेमबफरची जागा, आकार आणि लागणारे क्लॉक यांची नोंद यू-बूटने डिव्हाइस ट्रीत करून ठेवणं. लिनक्सचा सिंपल फ्रेमबफर ड्रायव्हर ती वाचून चित्र तसंच पुढे चालवतो. तेवढी मेमरी राखीव ठेवायला विसरलं तर लिनक्स तीच जागा दुसऱ्या कामाला देतो आणि बोधचिन्हावर ठिपक्यांची रांगोळी उमटते.

गार बोर्डावरची परीक्षा

चित्र आलं म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि इथेच बरेच जण फसतात. आधी लिनक्स चालला होता, मग रिसेटचं बटण दाबलं आणि यू-बूटमध्ये चित्र आलं, ही परीक्षा ग्राह्य धरू नये. अनेक बोर्डांवर रिसेटने पॅनेलची वीज जात नाही. लिनक्सने पॅनेलला दिलेल्या आज्ञा, चालू केलेला दिवा आणि वर उचललेल्या पिना तशाच राहू शकतात. यू-बूटने त्यातलं काही केलंच नसलं तरी चित्र दिसतं. ग्राहकाच्या हाती पडलेलं यंत्र मात्र रोज सकाळी पूर्ण बंद अवस्थेतून सुरू होतं, आणि तिथे पडदा काळा राहतो.

म्हणून शेवटची तपासणी वीज काढून करायची. वीज काढल्यावर कपॅसिटरमधला साठा उतरेपर्यंत थांबायचं आणि मगच पुन्हा द्यायची. सिरियलची तारही काढून ठेवायची, कारण अडॅप्टरकडून त्या तारेवाटे थोडीशी वीज बोर्डात झिरपत राहते आणि निकाल बिघडवते. मॉनिटर आधी चालू, मॉनिटर नंतर चालू, केबल न लावता, बोर्ड तापलेला आणि बोर्ड गार, असं सगळं करून पाहायचं. यातल्या प्रत्येक वेळी बोधचिन्ह ठरल्या क्षणी आलं, तरच बूटलोडर पडदा स्वतःच्या बळावर उजळवतो असं म्हणता येतं. एखाद्या वेळी आलं नाही, तर कोणत्या परिस्थितीत आलं नाही ते लिहून ठेवायचं आणि चौकशी पुन्हा सिरियलच्या पहिल्या ओळीपासून सुरू करायची.